मन कसं चालतं हे कॉम्प्युटरवर कसं शोधतात? एआय आणि कॉग्निटिव्ह सायन्स, साध्या मराठीत

२०२४ च्या ऑक्टोबरात लागोपाठ दोन दिवस दोन नोबेल जाहीर झाले आणि दोन्हीत एआयचं नाव होतं. ८ तारखेला फिजिक्सचं, जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना, ९ तारखेला केमिस्ट्रीचं, त्यातलं अर्धं डेव्हिड बेकर यांना आणि उरलेलं अर्धं डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर या दोघांना. बातम्या सगळ्यांनी वाचल्या, फॉरवर्ड केल्या, पण एक गोष्ट त्यात मागेच राहिली. हिंटन यांनी केंब्रिजला डिग्री घेतली ती एक्सपेरिमेंटल सायकॉलॉजीत, १९७० साली. हसाबिस यांची पीएचडी कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्समधली, आणि त्यांनी काम केलं ते स्मृती गेलेल्या पेशंटसोबत. मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग खराब झालेल्या माणसाला झालेल्या गोष्टी आठवत नाहीत हे आधीपासून माहीत होतं, पण अशा माणसाला न घडलेला प्रसंगसुद्धा डोळ्यासमोर नीट उभा करता येत नाही, म्हणजे आठवण आणि कल्पना आतून एकमेकींना जोडलेल्या आहेत, हे २००७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं.

म्हणजे आज ज्याला आपण एआय म्हणतो त्यातली ही मोठी माणसं निघाली होती माणसाचं मन समजून घ्यायला.

हे सांगायचं कारण असं की आपल्या सोलापुरात बारावीचा निकाल लागला की घराघरात एकच चर्चा, एआय घ्यायचं की डेटा सायन्स की साधं कॉम्प्युटर. आणि एखाद्या पोरीनं मला सायकॉलॉजी आवडतं म्हटलं की लगेच, अगं ते आर्ट्सवाल्यांचं. ही दोन टोकं नाहीयेत. या दोघांच्या मधोमध एक आख्खा विषय उभा आहे, कॉम्प्युटर आणि एआय वापरून मन अभ्यासण्याचा, आणि तो नक्की काय करतो हे मराठीत सरळ सांगितलेलं फारसं सापडत नाही म्हणून हा लेख.

## कॉग्निशन म्हणजे काय, एकदाच सांगतो

डोळ्यांनी बघितलेलं ओळखणं, ऐकलेलं समजणं, लक्षात ठेवणं, शिकणं, बोलणं, दोन गोष्टींतली एक निवडणं. मनाच्या या सगळ्या कामांना मिळून कॉग्निशन म्हणतात आणि ती कामं कशी होतात याचा शोध म्हणजे कॉग्निटिव्ह सायन्स. त्यात सायकॉलॉजी आहे, भाषाशास्त्र आहे, मेंदूचा अभ्यास आहे, तत्त्वज्ञान आहे आणि पहिल्या दिवसापासून कॉम्प्युटर आहे.

पहिला दिवस असं नुसतं बोलायचं म्हणून नाही म्हणत. या विषयाची खरंच एक तारीख सांगतात, ११ सप्टेंबर १९५६. अमेरिकेत एमआयटीमध्ये एक परिषद चालू होती, त्या एकाच दिवशी ॲलन न्यूवेल आणि हर्बर्ट सायमन यांनी लॉजिकमधली प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्राम मांडला, नोम चॉम्स्की यांनी भाषेच्या व्याकरणाचं गणिती रूप मांडलं, आणि जॉर्ज मिलर बोलले माणसाच्या तात्पुरत्या स्मृतीवर, की एका वेळी साधारण सात गोष्टींच्या आसपासच मनात राहतात. मिलर यांनी स्वतःच नंतर सांगितलंय की त्या दिवशी त्यांना वाटलं हे सगळे एकाच मोठ्या गोष्टीचे तुकडे आहेत. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेतल्याच डार्टमथ कॉलेजात जी बैठक झाली तिथून आर्टिफिशियल इंटेलिजन्स हे नाव चालू झालं. दोन्ही विषय एकाच वर्षाची लेकरं आहेत.

त्याआधी अमेरिकेतल्या सायकॉलॉजीवर ज्यांचा जोर होता ते म्हणायचे, मनाच्या आत काय चाललंय ते दिसत नाही म्हणून त्यावर बोलूच नका, बाहेरून काय दिलं आणि माणसानं काय केलं एवढंच मोजा. कॉम्प्युटर आल्यावर हे बदललं, कारण लोकांसमोर पहिल्यांदा असं यंत्र आलं जे आत काहीतरी साठवतं, त्यावर प्रक्रिया करतं आणि तरीही त्यात गूढ काही नाही, प्रत्येक पायरी लिहून दाखवता येते.

## मॉडेल, मॉडेल म्हणतात ते काय?

आता मुख्य गोष्ट, आणि ही आपल्या गावात समजावणं सगळ्यात सोपं आहे.

समजा तुमच्या हातात एक सोलापुरी चादर आहे, मोराची डिझाइन असलेली, पण ती ज्या मागावर विणली तो कारखाना कुलूपबंद आहे, आत जाता येत नाही. तुम्हाला शोधायचंय की ती विणली कशी. तुम्ही उलटसुलट करून बघणार, धागे मोजणार, कुठं रंग बदलतो ते टिपणार, आणि मग अंदाज बांधणार की जॅकार्डची कार्डं, म्हणजे डिझाइन ठरवणारी भोकं पाडलेली कार्डं, अशी अशी असतील, या ओळीला हे हुक उचलले असतील, हे ताण्याचे (उभे) धागे वर गेले असतील आणि खालून बाणा (आडवा धागा) गेला असेल. पण अंदाज बरोबर आहे की नाही हे कसं कळणार? एकच मार्ग, तुमच्या अंदाजाची कार्डं स्वतः पंच करायची, दुसऱ्या मागावर चढवायची आणि चादर विणून बघायची. मोर आला तर ठीक. मोराची मान वाकडी आली तर अंदाज कुठं चुकला तेही त्याच चादरीत दिसतं.

मॉडेल म्हणजे ही पंच केलेली कार्डं. मन कसं चालतं याबद्दलचा अंदाज इतका पूर्ण, इतका बारकाईनं लिहायचा की कॉम्प्युटर तो चालवू शकेल, आणि मग त्यातून जे निघतं ते खऱ्या माणसांच्या वागण्याशी ताडून बघायचं. तोंडी सांगितलेल्या थिअरीत पळवाटा असतात, कॉम्प्युटर पळवाट देत नाही, एक पायरी लिहायची राहिली की तो तिथंच थांबतो.

डेव्हिड मार नावाचा एक शास्त्रज्ञ होता, दृष्टीवर काम करायचा, १९८० मध्ये ऐन पस्तिशीत ल्युकेमियानं गेला आणि त्याचं पुस्तक १९८२ ला आलं. त्यानं सांगितलेली गोष्ट आजही या विषयातल्या प्रत्येकाला शिकवतात, की प्रश्न तीन वेगळ्या पातळ्यांवर विचारा. काम काय आहे (मोर विणायचाय). ते कुठल्या पद्धतीनं केलं (कार्डांचा क्रम). आणि कशावर केलं (लाकडी माग, यंत्रमाग की इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड). मेंदूतल्या पेशी ही तिसरी पातळी. नुसती तिसरी बघत बसलात तर पहिल्या दोनचं उत्तर मिळत नाही.

आणि जॅकार्डचं नाव निघालंच आहे तर हेही सांगतो, हा काही ओढून आणलेला संबंध नाही. जोसेफ मारी जॅकार्डचा माग १८०४ च्या सुमाराचा, फ्रान्सच्या लिऑनमधला, आणि चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिती यंत्रासाठी पंच कार्डांची कल्पना तिथूनच उचलली. कॉम्प्युटरच्या वंशावळीत माग आहे, हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

## पण मेंदू उघडून बघितला तर थेट कळणार नाही का?

हा पहिला आक्षेप हमखास येतो. एमआरआय आहे, स्कॅन आहे, मग कॉम्प्युटरवर अंदाज कशाला बांधायचे.

एक छोटा किडा आहे, सी. एलिगन्स, एक मिलिमीटरचा. त्याच्या आख्ख्या शरीरात ३०२ मज्जापेशी. कुठली पेशी कुणाला जोडलेली आहे याचा जवळपास पूर्ण नकाशा १९८६ मध्येच छापून आला. आज चाळीस वर्षं होत आली, तरी तो किडा कधी वळेल, कधी थांबेल हे नुसत्या नकाशावरून सांगता येत नाही. २०२४ मध्ये फळमाशीच्या मेंदूचा नकाशा पूर्ण झाला, त्यात सुमारे १ लाख ३९ हजार पेशी. माणसाच्या मेंदूत अंदाजे ८६०० कोटी. आणि एफएमआरआय स्कॅन मोजतो ते पेशींचं बोलणं नाहीच, त्या भागातल्या रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल मोजतो, आणि तो बदल यायला काही सेकंद लागतात, तोवर मन कुठल्या कुठं पोचलेलं असतं.

नकाशा पाहिजेच, पण त्यावर काय गणित चाललंय हा अंदाज बाहेरून आणावा लागतो.

## एक मॉडेल पूर्ण बघू, म्हणजे पटेल

समजा नवी पेठेत नवीन हॉटेल निघालंय, तुम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागवली. दहापैकी पाच मार्कांची अपेक्षा होती, निघाली नऊची. फरक चार. पुढच्या वेळी तुमची अपेक्षा लगेच नऊ होत नाही, एकदाच छान झालं असेल असंही वाटतं, म्हणून समजा फरकाचा अर्धा भाग तुम्ही आधीच्या अपेक्षेत मिळवला, तर नवीन अपेक्षा सात. पुढच्या वेळी परत नऊची मिळाली तर फरक आता दोनच, अपेक्षा आठ. असं करत करत अपेक्षा नऊच्या जवळ जाते आणि फरक संपत जातो, म्हणजे शिकणंही संपत जातं.

बस, मॉडेल झालं. अपेक्षा, प्रत्यक्ष, दोघांतला फरक, आणि त्या फरकाचा कितवा हिस्सा शिकायचा तो आकडा. रॉबर्ट रेस्कॉर्ला आणि ॲलन वॅग्नर यांनी १९७२ मध्ये हे मांडलं ते जनावरांच्या शिकण्यासाठी. आणि त्यातून एक कोडं सुटलं. लिऑन केमिन यांनी आधीच दाखवलं होतं की उंदराला एका खुणेवरून, समजा दिव्यावरून, पुढं झटका बसणार हे एकदा पक्कं शिकवलं, आणि मग दिव्यासोबत आवाज पण द्यायला लागलो, झटका तेवढाच, तर उंदीर आवाजाबद्दल जवळपास काहीच शिकत नाही. आवाज आणि झटका तर कितीतरी वेळा सोबत आले! जुन्या समजुतीप्रमाणं शिकायला पाहिजे होता. पण वरच्या गणितात बघा, दिव्यामुळं झटक्याची अपेक्षा आधीच पूर्ण आहे, फरक शून्य, म्हणून शिकणं शून्य. दोन गोष्टी नुसत्या सोबत घडून भागत नाही, काहीतरी अनपेक्षित घडावं लागतं.

यापुढचा भाग मला या सगळ्या विषयात सर्वात जास्त आवडतो. १९८० च्या दशकात रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो मशीनला शिकवायच्या पद्धतींवर काम करत होते, त्यांनी हाच फरकाचा विचार घेऊन तो वेळेत पसरवला, म्हणजे बक्षीस मिळेपर्यंत थांबायचं नाही, बक्षिसाची चाहूल बदलली की लगेच शिकायचं. हे काम मुख्यतः एआयचं, कॉम्प्युटरसाठी. दुसरीकडे मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्झ माकडांच्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशींचं रेकॉर्डिंग करत होते. माकडाला ज्यूस दिला की पेशी जोरात. ज्यूसच्या आधी एक खूण दाखवत राहिलं की काही काळानं पेशी खुणेलाच जोरात, आणि ज्यूस आल्यावर शांत. आणि खूण दाखवून ज्यूस दिलाच नाही, तर बरोबर ज्या क्षणी यायला पाहिजे होता त्या क्षणी पेशी नेहमीपेक्षाही खाली. म्हणजे डोपामिन हे आनंदाचं मोजमाप नाही, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक आहे, आणि तो जवळपास त्याच गणितानं चालतो जे मशीनसाठी लिहिलं होतं. शुल्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये हे एकत्र मांडलं. सटन आणि बार्टो यांना २०२४ चं ट्युरिंग अवॉर्ड, कॉम्प्युटर सायन्समधला सर्वात मोठा मानला जाणारा पुरस्कार, मिळालं.

मोबाईलवर तुम्हाला कुणीही डोपामिन म्हणजे सुखाचं केमिकल असं सांगत असेल, तर ही माकडं आठवा.

## लेकरू बोलायला कसं शिकतं, आणि हा प्रश्न सोलापूरचा का आहे

पूर्व भागातल्या कितीतरी घरांत लेकरू आईशी तेलुगू बोलतं, गल्लीत मराठी, शेजारी कन्नड असेल तर कन्नडही कानावर, आणि दुकानात गेलं की दखनी उर्दू. तीन वर्षांचं पोरगं कुणाशी कुठली भाषा बोलायची हे बरोबर ओळखतं. आपल्याला यात विशेष काही वाटत नाही. पण ते कसं होतं हे जगातला कुठलाही शास्त्रज्ञ अजून पूर्ण सांगू शकत नाही.

पहिली अडचणच बघा. बोलताना आपण शब्दाशब्दात जागा सोडत नाही, आवाज सलग येतो. शब्द कुठं संपला हे लेकराला कसं कळतं? १९९६ मध्ये जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना खोटी भाषा ऐकवली, बिडाकू, पाडोटी, गोलाबू, टुपिरो असले चारच शब्द, कुठंही न थांबता, एकाच सुरात, फक्त दोन मिनिटं. बिडाकू या शब्दात बि नंतर नेहमी डाच येतो, पण कू नंतर काय येईल ते नक्की नाही, उरलेल्या तिन्हीपैकी कुठलाही शब्द येऊ शकतो. दोन मिनिटांत बाळांना हा फरक कळला होता. शब्दांचे तुकडे मोडून जोडलेले आवाज लावले की बाळं ते नवीन असल्यासारखी जास्त वेळ ऐकायची. म्हणजे अजून स्वतः बोलता न येणारं बाळ कानावर पडणाऱ्या आवाजांची संभाव्यता हिशेबात धरतंय!

चॅटजीपीटीसारखी भाषेची मॉडेल्ससुद्धा मुळात हेच करतात, पुढं काय येईल त्याचा अंदाज. मग लेकरू आणि ती एकच का? इथं आकडे बघितले की थबकायला होतं. चॅटजीपीटीच्या आधीच्या जीपीटी-३ या मॉडेलला साधारण ३० हजार कोटी शब्दतुकडे वाचायला दिले होते. माणसाचं मूल तेरा वर्षांचं होईपर्यंत जे ऐकतं ते १० कोटी शब्दांच्या आतच असावं असा अंदाज आहे, आणि २०२३ पासून संशोधकांनी याच मर्यादेवर एक स्पर्धाच चालू केलीय, की एवढ्याच शब्दांत मॉडेलला किती भाषा येते बघू. तेवढ्यात मूल भांडतं, गोष्टी सांगतं, खोटं बोलतं, आजीची नक्कल करतं.

म्हणून २०२४ चा एक प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. एका बाळाच्या डोक्यावर छोटा कॅमेरा लावून सहा महिन्यांपासून पंचवीस महिन्यांपर्यंत अधूनमधून रेकॉर्डिंग केलं होतं, त्यातलं ६१ तासांचं, म्हणजे बाळाच्या जागेपणातला जेमतेम एक टक्का. वाई कीन वाँग, ब्रेंडन लेक आणि सहकाऱ्यांनी एका साध्या न्यूरल नेटवर्कला (मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून सुचलेला, उदाहरणांतून शिकणारा प्रोग्राम) फक्त तेवढंच दिलं, बाळाला जे दिसलं आणि त्या वेळी जे ऐकू आलं. भाषेचं दुसरं काहीही आधी शिकवलं नाही. मग चार चित्रं दाखवून बॉल कुठला, असं विचारलं तर साधारण ६२ टक्के वेळा बरोबर, नुसतं डोळे मिटून बोट ठेवलं असतं तर २५ टक्के आलं असतं. यावरून असं सिद्ध होत नाही की मुलं अशीच शिकतात. सिद्ध एवढंच होतं की वस्तूंची नावं शिकायला, निदान काही नावं शिकायला, जन्मतः आत खास काही बसवलेलं असायलाच पाहिजे असं नाही. ज्या वादावर लोक साठ वर्षं नुसते शब्दांनी लढत होते त्यावर एक आकडा आला.

आता माझी कळकळ सांगतो. ते बाळ इंग्रजी ऐकणारं होतं. या विषयातला ढीगभर अभ्यास इंग्रजीवर आणि पश्चिमेतल्या एकभाषी घरांवर उभा आहे. तीन भाषांच्या सलग आवाजातून तीन वेगळे हिशेब ठेवणारं लेकरू हे कुठल्याही मॉडेलसाठी जास्त कठीण आणि जास्त खरं आव्हान आहे, आणि ते लेकरू अशोक चौकात खेळतंय. हे संशोधन बाहेरच्या कुणीतरी येऊन करायची वाट बघू नये, आपल्या पोरांनी करावं.

वाचण्याचंही तेच. इंग्रजी वाचनाचं प्रसिद्ध मॉडेल मार्क सायडनबर्ग आणि जेम्स मॅक्लेलंड यांचं, १९८९ चं, त्यात नेटवर्कमधले काही भाग मुद्दाम कमी केले की ते वाचनात अडखळणाऱ्या मुलांसारख्या चुका करायला लागतं. पण आपल्या देवनागरीत पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. डोळ्याचा क्रम आणि जिभेचा क्रम उलटा. इंग्रजीचं मॉडेल इथं जसंच्या तसं चालेल असं गृहीत धरता येत नाही. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं भारतीय भाषांत डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला शिकण्यातली अडचण, तपासायच्या चाचण्या बनवल्या आहेत, त्यात मराठीही आहे, त्या कामासोबत मराठी वाचनाची मॉडेल्स उभी राहिली तर शाळेत ढ म्हणून मागं बसवलेल्या पोराचं नक्की कुठं अडतंय ते सांगता येईल.

## मशीन माणसासारखं वागलं म्हणजे आतून पण तसंच?

नाही. आणि इथंच सगळ्यात जास्त गोंधळ आहे.

परत चादरीकडं या. तोच मोर दोन वेगळ्या पद्धतींनी विणता येतो, पुढून दोन्ही सारख्या दिसतील. फरक बघायचा तर चादर उलटून मागची बाजू बघावी लागते, धागा ओढून बघावा लागतो.

दृष्टीच्या बाबतीत हे अगदी स्वच्छ दिसलं. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजराच्या मेंदूत आडव्या-उभ्या रेषा ओळखणाऱ्या पेशी शोधल्या, १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं. त्यावरून कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० मध्ये निओकॉग्निट्रॉन नावाचं नेटवर्क बनवलं, आधी रेषा, मग कोपरे, मग आकार असं थराथरानं ओळखणारं. आजच्या फोटो ओळखणाऱ्या नेटवर्कचा पाया तोच. २०१४ मध्ये डॅनियल यामिन्स, जेम्स डिकार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की फक्त वस्तू ओळखायला शिकवलेल्या नेटवर्कच्या आतले थर माकडाच्या मेंदूतल्या दृष्टीच्या पेशींशी बरेच जुळतात, कुणी मुद्दाम जुळवले नसताना. सगळे खूश. आणि मग २०१९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी मांजराच्या चित्रावर हत्तीची कातडी चढवून नेटवर्कला दाखवली. माणसं म्हणतात मांजर. नेटवर्क म्हणालं हत्ती. आपण आकार बघतो, ते पोत बघत होतं. आधीच्या बऱ्याच परीक्षांत उत्तरं सारखी आली होती, मागची बाजू वेगळी निघाली.

हे अपयश नाही. मॉडेलनं जिथं चुकावं तिथं चुकूनच आपल्याला सांगितलं की माणसाच्या नजरेत आकाराला एवढं महत्त्व आहे, मग पुढचा प्रश्न आला की ते महत्त्व येतं कुठून. संशोधन असंच पुढं सरकतं.

२०२५ च्या जुलैत अशीच एक मोठी बातमी आली. सेंटॉर नावाचं मॉडेल, नेचर या विज्ञान साप्ताहिकात. सायकॉलॉजीच्या १६० प्रयोगांत ६० हजारांहून जास्त लोकांनी केलेल्या १ कोटीहून जास्त निवडी घेऊन एका मोठ्या भाषा-मॉडेलला त्यावर तयार केलं, आणि माणूस पुढं काय निवडेल हे ते आधीच्या खास बनवलेल्या मॉडेल्सपेक्षा चांगलं सांगायला लागलं, न बघितलेल्या प्रयोगांतसुद्धा. लगेच हेडलाइन, एआय आता माणसासारखा विचार करतं. अनेक कॉग्निटिव्ह शास्त्रज्ञांनी तिथंच हरकत घेतली, की ओळखणं वेगळं आणि समजणं वेगळं. मला त्यांचं म्हणणं पटतं. चटणीच्या उदाहरणात दोन-तीनच आकडे होते, कुठला बदलला तर काय होईल ते तुम्ही कागदावर सांगू शकता. सेंटॉरच्या खाली ७००० कोटी आकडे आहेत. त्यानं अचूक सांगितलं तरी का, हे विचारायला परत नव्यानं प्रयोग करावे लागतात, म्हणजे एका बंद कारखान्याच्या जागी दोन बंद कारखाने झाले. फायदा एवढा की दुसऱ्या कारखान्याची किल्ली आपल्याकडं आहे, आत जाऊन हवा तो भाग बंद करून बघता येतो, माणसाच्या डोक्यात असं करता येत नाही आणि करूही नये.

## भावना, श्रद्धा, माया यांचं पण गणित करणार का?

हा प्रश्न लोक थोडं रागानं विचारतात आणि तो राग मला समजतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज समोर आल्यावर अंगावर काटा येतो, त्याचं समीकरण मांडलं म्हणून तो काटा खोटा ठरत नाही. मॉडेल नेहमी एका तुकड्याचं असतं, शिकण्याचं, लक्ष देण्याचं, एखाद्या निवडीचं. आख्ख्या माणसाचं मॉडेल कुणाकडंही नाही. आणि आतून जे जाणवतं, वेदना किंवा रंग बघितल्याचा अनुभव, तो मुळात का होतो, या प्रश्नाला अजून कुठल्याच मॉडेलनं सगळ्यांना पटेल असं उत्तर दिलेलं नाही.

पण भावनांना हात लावायचाच नाही असंही नको. डिप्रेशनमधला माणूस चांगल्या गोष्टीतून शिकायला कमी पडतो, की शिकतो पण त्याला तिची किंमतच कमी वाटते, हे बाहेरून सारखंच दिसतं, तरी दोन वेगळे बिघाड आहेत. वरच्या फरकाच्या गणितात ते दोन वेगळे आकडे आहेत, म्हणून छोट्या खेळासारख्या चाचण्यांतून ते वेगळे करायचा प्रयत्न चालू आहे, त्याला कॉम्प्युटेशनल सायकिअॅट्री म्हणतात. यावरून आज कुणाचं निदान करत नाहीत, डॉक्टरच लागतो.

## शिकायचं असेल तर

अलाहाबाद विद्यापीठात यासाठी खास केंद्र आहे, आयआयटी गांधीनगर आणि आयआयटी कानपूरला कॉग्निटिव्ह सायन्सचं पदव्युत्तर शिक्षण आहे, हैदराबादला केंद्रीय विद्यापीठात आणि ट्रिपल आयटीत या विषयावर काम चालतं, आणि हैदराबाद इथून तीनशे किलोमीटरच्या आसपास, पूर्व भागातल्या कितीतरी घरांची सोयरीक तिकडंच. बीए सायकॉलॉजी केलेलं चालतं का? या विषयात वेगवेगळ्या शाखांतून लोक येतात, पण स्टॅटिस्टिक्स आणि पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेला पर्याय नाही, ते सायकॉलॉजीवाल्यांनी आत्ताच चालू करावं. आणि कॉम्प्युटरवाल्यांनी माणसांवर प्रयोग कसा करायचा ते शिकावं, कारण नुसतं कोड येणाऱ्यांना बहुतेक वेळा हेच माहीत नसतं की प्रश्न कसा विचारला की उत्तर खरं येतं. नोकऱ्यांबद्दल सरळ सांगतो, फक्त कॉग्निटिव्ह सायन्टिस्ट या नावानं आपल्याकडं जागा थोड्या आहेत, विद्यापीठं आणि संशोधन संस्था. पण माणूस स्क्रीनवर काय करतो, कुठं चुकतो, कसं शिकतो हे मोजता येणारी माणसं शिक्षणाच्या, आरोग्याच्या, सॉफ्टवेअरच्या कंपन्यांना लागतात.

सुरुवातीला पैसे लागत नाहीत. सायकोपाय आणि जेएससायक ही दोन सॉफ्टवेअर फुकट आहेत, त्यांवर दोन चित्रांतलं एक निवडायचा साधा खेळ बनवता येतो, एका चित्रामागं जास्त वेळा पॉइंट्स ठेवायचे, दुसऱ्यामागं कमी, आणि मध्येच अदलाबदल करायची. घरातल्या, वर्गातल्या लोकांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन खेळायला द्या. मग रेस्कॉर्ला-वॅग्नरचं गणित पायथनमध्ये लिहा, दहा-बारा ओळींत बसतं, आणि प्रत्येक माणसासाठी तो एक आकडा शोधा, फरकाचा कितवा हिस्सा तो शिकतोय. अदलाबदल झाल्यावर कोण पटकन वळतं आणि कोण जुन्यालाच धरून बसतं ते तुमच्याच डेटात दिसेल, आणि एखादा माणूस असा निघेल की ज्याचं वागणं तुमच्या मॉडेलमध्ये कुठंच बसत नाही. त्याच्यापाशी थांबा, त्याच्याशी बोला, तो काय विचार करून निवडत होता ते विचारा, आणि त्यावरून पुढचं मॉडेल लिहा.